इलेक्ट्रिक गाडीचा खरा खर्च: मीटरपासून किलोमीटरपर्यंत

तुमचा प्रश्न असा आहे: बॅटरी ४० युनिटची, पण घरच्या साध्या सॉकेटवर रिकामी गाडी पूर्ण भरली की मीटरवर ४९ युनिट पडतात. वरचे नऊ युनिट जातात कुठे? फास्ट चार्जरचा दर घरच्या तिप्पट असेल, तर तिथे गाडी भरून पेट्रोलच्या मानाने हातात काही उरते का? आणि काही वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर आजवरची सगळी बचत त्यातच जाणार नाही का?

इलेक्ट्रिक गाड्यांच्या ताफ्याचे चार्जिंग आणि देखभाल हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न माझ्यासमोर सतत येतात. आधी थेट उत्तर देतो. गाडी रात्री घरी उभी राहते, तिथेच भरते आणि रोज बऱ्यापैकी पळते, अशा माणसाला इलेक्ट्रिक गाडी नक्की परवडते. घरी भरायची सोय नाही आणि सगळे फास्ट चार्जरवर अवलंबून आहे, त्याची चार्जिंगमधली बचत फार थोडी राहते, कधी कधी राहतच नाही. म्हणून गाडी कोणती घ्यायची यापेक्षा ती कुठे भरणार, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने मोठा आहे. लोक मात्र बॅटरी किती मोठी आणि रेंज किती यावरच सगळा वेळ घालवतात.

आता ते नऊ युनिट. डॅशबोर्डवर दिसते ती बॅटरीतून बाहेर पडलेली वीज. बिल येते ते भिंतीतून घेतलेल्या विजेचे. या दोहोंच्या मध्ये गाडीतला ऑनबोर्ड चार्जर असतो. भिंतीतली एसी (दिशा बदलत वाहणारी) वीज तो डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून बॅटरीला देतो आणि त्या कामात साधारण पाच ते दहा टक्के वीज उष्णतेत जाते. हा तोटा सगळ्यांनाच होतो. पण साध्या सॉकेटवर भरणाऱ्याला आणखी एक तोटा होतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. चार्जिंग चालू असताना गाडी झोपलेली नसते. तिचे कंट्रोलर जागे असतात, बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला जोडणारे मोठे स्विच, ओढून धरलेले असतात, कूलंटचा पंप फिरत असतो, बारा व्होल्टची बॅटरीही भरली जात असते. या सगळ्याला मिळून साधारण २०० ते ४०० वॅट लागतात. चार्जिंग हळू असो वा जलद, हा खर्च ताशी तेवढाच.

१० अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला गाडी २.३ किलोवॅट घेते. त्यातले ३०० वॅट या जागरणात गेले की उरतात दोन किलोवॅट. चार्जरचा तोटा सात टक्के धरला तर बॅटरीत पोचतात १.८६ किलोवॅट, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेच्या ८१ टक्के. ४० युनिट भरायला साडेएकवीस तास लागतात आणि मीटर ४९ युनिट दाखवतो. हा तुमचाच आकडा आहे. तीच गाडी ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर लावली तर जागरणाचा खर्च सहा तासांचाच पडतो, ८९ टक्के वीज बॅटरीत पोचते आणि मीटरवर ४५ युनिटच्या आसपास पडतात. दर पूर्ण चार्जिंगमागे चार युनिटची बचत होते आणि वीज तीच, गाडी तीच. तुमच्या मीटरमध्ये किंवा गाडीत काही बिघाड आहे असे मला वाटत नाही. दहा अँपिअरवर भरणाऱ्या बहुतेक गाड्यांचा हिशेब असाच येतो.

याचा अर्थ प्रत्येकाने मोठा चार्जर बसवावा असा नाही. रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला रात्रीत सहा-सात युनिटच लागतात. ती गरज साधा सॉकेट आरामात भागवतो आणि मोठ्या चार्जरपेक्षा जास्तीची वाया जाणारी वीज रोज एक युनिटही नसते. मोठ्या चार्जरचा खर्च त्यातून भरून यायला फार वर्षे जातील. पण साधा सॉकेट वापरायचाच असेल तर त्यासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढून घ्या. घरातले सॉकेट इस्त्री किंवा मिक्सरसारख्या थोडा वेळ चालणाऱ्या वस्तूंच्या हिशेबाने बसवलेले असतात. सलग दहा तास पूर्ण भार सोसण्याची त्यांना सवय नसते. एखादा स्क्रू किंचित ढिला असला तरी तिथे उष्णता साचते, प्लास्टिक पिवळे पडते, मग काळे पडते. नवीन सॉकेटवर पहिल्यांदा गाडी लावली की तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवा आणि वायरमनला बोलवा. अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह पकडणारा ब्रेकर यात काटकसर करू नका.

वायरच्या जाडीतही वीज जाते. बोर्डापासून गाडी तीस मीटरवर असेल आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली असेल, तर जाऊन-येऊन साठ मीटर तारेचा रोध सुमारे ०.४१ ओम भरतो. १६ अँपिअरला त्यात १०५ वॅट जळतात, म्हणजे जवळपास तीन टक्के. सहा चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हाच तोटा ४५ वॅटपेक्षा कमी. वायर एकदाच टाकायची असते आणि ती गाडीपेक्षा जास्त वर्षे टिकते, तेव्हा लांब अंतर असेल तर जाड वायरच टाका.

मीटर झाला, आता किलोमीटर. गाडी एका किलोमीटरला किती वीज खाते हे सांगणारा आकडा वॅट-तासांत असतो. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. लहान गाडी संथ चालवली तर १२० वॅट-तासांच्या आसपास, मध्यम गाडी १५० ते १८०, मोठी उंच एसयूव्ही २०० च्या पुढे, असा ढोबळ अंदाज धरा. हा आकडा सगळ्यात जास्त हलतो तो वेगाने. १७०० किलोची, बऱ्यापैकी निमुळत्या बांध्याची गाडी घ्या. टायर रस्त्यावर फिरवायला तिला दर किलोमीटरला ४६ वॅट-तास लागतात आणि वेग वाढला तरी हा आकडा फार बदलत नाही. हवा कापायला मात्र ताशी ८० ला ५३ वॅट-तास लागतात, १०० ला ८३ आणि १२० ला ११९. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून वेग दीडपट झाला की हा भाग सव्वादोनपट होतो. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) आणि गिअरमधला तोटा धरला तर ताशी ८० ला सुमारे ११५ वॅट-तास आणि १२० ला १९० च्या आसपास, इतका फरक एकाच गाडीत पडतो. महामार्गावर १२० ऐवजी १०० ने गेलात तर खर्च वीस टक्क्यांहून जास्त कमी होतो आणि चार्जिंगचा एखादा थांबाही वाचतो. लांबच्या प्रवासात त्यामुळे कित्येकदा पोचायची वेळ सारखीच येते.

शहरात गणित उलटे होते. हवेचा विरोध नगण्य, ब्रेक लावताना मोटर जनरेटर होऊन बरीच ऊर्जा परत बॅटरीत टाकते, म्हणून इलेक्ट्रिक गाडीचे ॲव्हरेज शहरात चांगले पडते. पेट्रोल गाडीच्या नेमके उलट. पण परत येणारी ऊर्जा पूर्ण नसते. चाकापासून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकावर, या फेऱ्यात साठ ते सत्तर टक्केच हाताशी लागते. तेव्हा पुढचा सिग्नल लाल दिसतोय म्हटल्यावर लांबूनच वेग उतरवत नेणारा ड्रायव्हर, शेवटच्या क्षणी थांबणाऱ्यापेक्षा कमी खर्चात गाडी चालवतो. उंचावर राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. १७०० किलोची गाडी हजार मीटर वर चढवायला नुसत्या चढाचेच ४.६ युनिट लागतात. उतरताना त्यातले बरेच परत मिळू शकतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. वरच्या घरी शंभर टक्के भरून निघालात तर सुरुवातीच्या उतारावर ऊर्जा परत घेता येत नाही. ऐंशी टक्क्यांवर निघा.

एसी आणि हीटर यांचा खर्च किलोमीटरवर नाही, तासावर पडतो. हे लक्षात आले की बरेच गोंधळ मिटतात. एसी सरासरी एक किलोवॅट घेत असेल आणि गाडी ताशी २० च्या सरासरीने गर्दीत सरकत असेल, तर दर किलोमीटरला ५० वॅट-तास एसीचेच झाले. त्याच एसीचे ताशी ८० ला फक्त साडेबारा होतात. म्हणून उन्हाळ्यातल्या गर्दीत ॲव्हरेज पडलेले दिसले तर गाडीत दोष शोधू नका. थंड प्रदेशात हीटरचा भार याहून जास्त असतो, कारण इंजिनाची फुकट उष्णता इथे नाही. साधा विद्युत हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॅटही ओढतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे यंत्र) असेल तर तेवढ्याच उबेला निम्मी किंवा त्याहून कमी वीज लागते. गाडी प्लगला लावलेली असतानाच केबिन थंड किंवा गरम करून घेतली तर बॅटरीवरचा भार वाचतो आणि रेंज टिकते. मीटरवर ती वीज पडतेच, ती हिशेबात धरा.

उभ्या गाडीचाही थोडा खर्च असतो. कॅमेऱ्याने पाळत ठेवण्याची सोय चालू ठेवली तर २०० वॅटच्या आसपास सतत जातात, म्हणजे दिवसाला जवळपास पाच युनिट. एवढ्यात गाडी तीस किलोमीटर गेली असती. घरच्या बंद जागेत ही सोय बंदच ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीने छापलेल्या रेंजबद्दल. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत तापमान २३ अंश, एसी बंद आणि सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर असतो. त्याआधीची एनईडीसी याहून संथ होती. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए प्रयोगशाळेतला आकडा सहसा ०.७ ने गुणून मगच जाहीर करते, म्हणून तिचा आकडा रस्त्यावरच्या अनुभवाच्या जास्त जवळ जातो. डब्ल्यूएलटीपीच्या कागदात मात्र एक उपयोगी गोष्ट आहे. त्यातला वीजखपताचा आकडा चार्जिंगचा तोटा धरून, म्हणजे भिंतीपासून मोजलेला असतो. खपत १५५ वॅट-तास आणि रेंज २९० किलोमीटर छापली असेल तर गुणाकार करून पाहा: ४५ युनिट. बॅटरी ४० ची. वरचे पाच युनिट म्हणजे चार्जिंगचा तोटा, कंपनीने स्वतःच मान्य केलेला. नवीन गाडी बघायला जाल तेव्हा हा गुणाकार जरूर करा, विक्रेता काय सांगतो यापेक्षा तो जास्त बोलका असतो.

आता दर. घरच्या विजेचा दर काढताना बहुतेक जण बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी काढतात. गाडीसाठी हे चूक आहे. टप्प्याटप्प्याने वाढणारा दर असेल तर गाडीचे युनिट घरच्या वापराच्या वर रचले जातात आणि सगळ्यात महागड्या टप्प्याने मोजले जातात. म्हणून गाडीला शेवटच्या टप्प्याचा दर लावा. स्थिर आकार मात्र गाडीच्या नावावर टाकू नका, कारण गाडी नसती तरी तो भरावाच लागला असता. गाडीसाठी मंजूर भार वाढवून घेतला असेल तर तेवढीच वाढ गाडीच्या खात्यात धरा. वेळेनुसार दर बदलत असतील तर चार्जिंग स्वस्त तासांत लावा. बहुतेक नवीन गाड्यांत टायमर असतो आणि या एका गोष्टीने होणारी बचत जपून गाडी चालवण्यापेक्षा मोठी ठरू शकते. इलेक्ट्रिक गाडीसाठी वेगळे कनेक्शन आणि वेगळा दर मिळत असेल तर त्याची चौकशी गाडी येण्याआधीच करा.

छतावर सोलर आहे म्हणून गाडी फुकट चालते, असे मानणारे पुष्कळ भेटतात. तसे नसते. जी वीज तुम्ही गाडीत टाकली ती ग्रिडला दिली असती तर जे मिळाले असते, तो तिचा खर्च. परत देणाऱ्या विजेला चांगला दर मिळत असेल तर सोलरने भरलेली गाडी जवळपास ग्रिडच्याच भावात पडते. काहीच मिळत नसेल तर मात्र ती खरोखर स्वस्त, आणि मग दुपारी भरण्याची सोय लावण्यासाठी धडपड करणे योग्य.

सार्वजनिक फास्ट चार्जर महाग का असतो? वीज हा त्यातला एक भाग. यंत्राची किंमत, जागेचे भाडे, ट्रान्सफॉर्मर, आणि शंभर-दीडशे किलोवॅटचा भार दिवसातून थोडाच वेळ लागला तरी महिनाभर त्यासाठी भरावा लागणारा मागणी आकार, हे सगळे थोड्याशा युनिटवर वाटले जाते. चार्जर जितका कमी तास वापरात, तितका प्रत्येक युनिट महाग. त्यामुळे तिप्पट दर पाहून कुणी लुटतो आहे असे लगेच मानू नका. तिथे एक गोष्ट तुमच्या बाजूची असते: एसी विजेची डीसी वीज चार्जरच्या खोक्यातच होते आणि अनेक ठिकाणी बिल गाडीला दिलेल्या डीसी युनिटवर येते, म्हणजे रूपांतराचा तोटा चालवणाऱ्याच्या माथी. दर तुलना करताना हा दहा टक्क्यांचा फरक धरा.

बिल युनिटवर आहे की मिनिटावर हे आधी बघा. मिनिटावर असेल तर ऐंशी टक्क्यांनंतर तिथे थांबणे तोट्याचे. बॅटरी भरत आली की पेशींना इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच प्रवाह उतरवत नेते. दहापासून ऐंशी टक्के जायला अर्धा तास लागत असेल तर पुढच्या वीस टक्क्यांना जवळपास तितकाच वेळ जातो. सत्तर टक्के चार्जिंगचे जेवढे पैसे, जवळपास तेवढेच उरलेल्या वीस टक्क्यांचे. शिवाय गाडी भरून झाल्यावर जागा अडवून ठेवली म्हणून वेगळा आकार लागतो, तो टाळणे तुमच्याच हातात आहे. थंडीत बॅटरी गार असेल तर चार्जर कितीही मोठा असला तरी ती हळू भरते. गाडीच्या नकाशात चार्जर हे ठिकाण म्हणून टाकले तर अनेक गाड्या वाटेतच बॅटरी ऊबदार करून ठेवतात.

या सगळ्याचा तुमच्या खर्चावर किती परिणाम होतो ते पाहू. घरचा दर १ आणि फास्ट चार्जरचा ३ धरा. ऐंशी टक्के घरी आणि वीस टक्के बाहेर भरले तर सरासरी दर १.४ येतो. पाचातला एकच भाग बाहेर भरला तरी खर्च चाळीस टक्क्यांनी वाढला. निम्मे-निम्मे केले तर थेट दुप्पट. वेग सांभाळून, टायरची हवा तपासून, एसी जपून वापरून जे वाचेल ते या एका सवयीत निघून जाते.

पेट्रोलशी तुलना मी नेहमी लिटरमध्ये करतो. दर बदलत राहतात, पण ही पद्धत कुठेही आणि कधीही लागू पडते. तुमच्या जुन्या गाडीचे ॲव्हरेज घ्या, समजा लिटरला १५ किलोमीटर. इलेक्ट्रिक गाडी डॅशबोर्डवर १५० वॅट-तास दाखवते, म्हणजे चांगल्या घरच्या चार्जरवर मीटरवरून १७०. पंधरा किलोमीटरला अडीच युनिटपेक्षा किंचित जास्त. म्हणजे अडीच युनिटची किंमत एका लिटरपेक्षा कमी असेल तोवर इलेक्ट्रिक गाडी चालवायला स्वस्त. समोर लिटरला २२ देणारी हायब्रिड असेल तर तिच्या एका लिटरचे काम पावणेचार युनिटला होते, म्हणजे तिच्यापुढे इलेक्ट्रिक गाडीची आघाडी बरीच घटते. ही तुलना अनेक जण सोयीस्कर रीतीने टाळतात.

पुढे जाऊ. समजा घरचा एक युनिट एका लिटर पेट्रोलच्या किमतीच्या दहाव्या भागाला पडतो. हजार किलोमीटरला पेट्रोल गाडी ६७ लिटर जाळते. इलेक्ट्रिक गाडी १७० युनिट खाते, म्हणजे १७ लिटरच्या किमतीची वीज. हजार किलोमीटरमागे ५० लिटरची बचत. इलेक्ट्रिक गाडीसाठी ३००० लिटरच्या किमतीइतके जास्त पैसे मोजले असतील तर ते ६०,००० किलोमीटरला वसूल होतात. आता तीच गाडी पूर्णपणे फास्ट चार्जरवर, तिप्पट दराने भरा. १७० युनिटला ५१ लिटरची किंमत पडली, बचत उरली १६ लिटर, आणि तेच जादा पैसे वसूल व्हायला जवळपास १,९०,००० किलोमीटर लागतील. बिल डीसी युनिटवर असेल तर आकडा थोडा खाली येईल, पण घरच्या चार्जिंगच्या जवळपासही जाणार नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: काहीतरी उरते, पण त्या बचतीवर विसंबून गाडी घेऊ नका. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच फिरणाऱ्यालाही हेच सांगेन. गाडी आवडली म्हणून घ्या, जरूर घ्या, पण पैसे वाचतील या आशेने नको.

बॅटरीची भीती मात्र लोक गरजेपेक्षा जास्त बाळगतात. तुमची ४० युनिटची बॅटरी एका पूर्ण चार्जमध्ये २६५ किलोमीटरच्या आसपास नेते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या पेशींना हजार ते दीड हजार पूर्ण आवर्तने सहज झेपतात, म्हणजे अडीच ते चार लाख किलोमीटर. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात आवर्तने याहून बरीच जास्त. इथे पूर्ण आवर्तन म्हणजे शून्य ते शंभर इतकी वीज. अर्धी-अर्धी बॅटरी दोनदा भरली तर ते एकच आवर्तन. त्यानंतरही बॅटरी बंद पडत नाही, तिची क्षमता घटलेली असते. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांत जे आधी येईल तोवर सत्तर टक्के क्षमतेची हमी देतात. बिघाड झाला तरी कित्येकदा पूर्ण पॅक नव्हे, एखादे मॉड्यूल (पेशींचा एक गट) किंवा त्याचे इलेक्ट्रॉनिक्स बदलावे लागते. आणि २०१० ते २०२४ या काळात बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरली आहे, तेव्हा आठ-दहा वर्षांनंतरच्या बॅटरीला आजचा भाव लावून घाबरणे बरोबर नाही.

खरा शत्रू वय आणि उष्णता. पूर्ण भरलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवणे हे बॅटरीला रोजच्या धावण्यापेक्षा जास्त बाधते. निकेलवाली बॅटरी रोजच्या वापराला ऐंशी टक्क्यांवर थांबवा, लांब निघण्याआधीच शंभर करा. आयर्न फॉस्फेट असेल तर आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरण्याचा सल्ला अनेक कंपन्या देतात. या पेशींचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास स्थिर राहतो, त्यामुळे मधल्या आकड्यावरून गाडीला नेमका अंदाज येत नाही आणि टोकाला गेल्यावरच तिचा हिशेब जुळतो. कोणती बॅटरी आहे हे गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या, कारण एकीचा नियम दुसरीला लावला तर नुकसान होते.

देखभाल स्वस्त असते, यात शंका नाही. अमेरिकेच्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२१ मध्ये केलेल्या हिशेबात इलेक्ट्रिक गाडीचा नियमित देखभालीचा खर्च दर मैलामागे पेट्रोल गाडीपेक्षा सुमारे चाळीस टक्के कमी आला होता. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, सायलेन्सर नाही. पण ‘देखभालच नाही’ असे समजून गाडी वर्षानुवर्षे दाखवायचीच नाही, हे महागात पडते. ब्रेक पॅड फार टिकतात, पण वापरच कमी म्हणून डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना अडकतात. वर्षातून एकदा त्या साफ करून ग्रीस लावून घ्या, ब्रेक ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला, आणि अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक थोडा जोरात लावा म्हणजे डिस्क घासून स्वच्छ राहते. कूलंट कंपनीने सांगितलेलाच भरा. काही गाड्यांत वीज कमी वाहून नेणारा खास कूलंट असतो आणि त्यात साधा मिसळला तर इन्सुलेशनचे दोष दिसू लागतात. बारा व्होल्टची छोटी बॅटरी तीन ते पाच वर्षांत जाते. ती गेली की मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही गाडी चालू होत नाही, म्हणून ती वेळेवर तपासा.

टायरचा खर्च मात्र वाढतो. गाडी जड, आणि मोटरचा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) पहिल्या क्षणापासून पूर्ण. सिग्नल सुटताच झेप घ्यायची सवय असेल तर टायर झपाट्याने घासतात. टायर बदलताना भार क्षमता मूळ टायरइतकी किंवा जास्तच हवी, आणि रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) कमी असलेलाच घ्या. वर ४६ वॅट-तास सांगितले ते याच रेझिस्टन्सचे. स्वस्त टायरने तो वीस टक्क्यांनी वाढवला तर दर किलोमीटरला नऊ-दहा वॅट-तास जास्त जातील, टायर बाद होईपर्यंत रोज. हवेचा दाब महिन्यातून एकदा तरी तपासा.

विमा अनेकदा जास्त पडतो, कारण खालून बॅटरीच्या आवरणाला धक्का लागला तर दुरुस्ती मोठी निघते. पॉलिसीत बॅटरी आणि घरचा चार्जर दोन्ही धरले आहेत का ते वाचून घ्या. फेरविक्रीची किंमत हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अनिश्चित खर्च आहे. नवीन मॉडेल लवकर येतात आणि जुन्याचा भाव पाडतात. गाडी तीन वर्षांत विकायची सवय असेल तर चार्जिंगमधली बचत घसाऱ्यात जाऊ शकते. आठ-दहा वर्षे ठेवणाऱ्याला ती पूर्ण मिळते. विकताना बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल जवळ असेल तर भाव टिकतो, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी तो मागून घेत जा.

तुमच्यापुरते सांगायचे तर आधी चार्जिंगच्या लाइनवर एक छोटा सब-मीटर बसवा. महिनाभराने त्यातले युनिट भागिले ओडोमीटरचे किलोमीटर करा आणि फास्ट चार्जरच्या पावत्या वेगळ्या जोडा. दर किलोमीटरला ०.१९ युनिटच्या वर आकडा येत असेल आणि तुमचे रोजचे धावणे सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या पुढे असेल, तर ७.४ किलोवॅटचा चार्जर बसवणे फायद्याचे ठरेल. आधी गाडी किती अँपिअर घेऊ शकते ते पाहा. तिचा ऑनबोर्ड चार्जरच ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर कितीही मोठा लावून ती जास्त ओढणार नाही, आणि मग १६ अँपिअरचा चांगला पॉइंटच तुम्हाला पुरेसा आहे.